जळगावएवढ्या अमेरिकन शहरात एका खोलीला सत्तर हजार रुपये भाडे: ते वाजवी आहे का?

पिंप्राळेकर (जळगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या मुलीला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला असून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती मिनियापोलिसला पोहोचेल. शुल्काचा हिशेब आम्ही बँकेच्या कर्जासह वर्षभरापूर्वीच मांडून ठेवला होता. अडले आहे ते राहण्याच्या खर्चावर.

सध्या तिच्यासमोर दोन जागा आहेत. पहिली विद्यापीठाजवळच्या एका जुन्या लाकडी घरात आहे. तिथे चार मुली राहतील, प्रत्येकीला स्वतंत्र खोली मिळेल, स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे सामाईक असतील आणि भाडे प्रत्येकी महिना ८५० डॉलर पडेल. दुसरी जागा थोडी लांब, एका विटांच्या जुन्या इमारतीत आहे. तिथे दोघी मिळून घर घेणार असून प्रत्येकीला ९३० डॉलर द्यावे लागतील. दोन्ही आकडे आपल्या चलनात सत्तर हजारांच्या पुढे जातात. घरातल्या बैठकीत ८५० वाली जागा घ्यावी असे ठरत आले आहे, पण माझे मन तयार होत नाही.

मिनियापोलिसची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ३० हजार होती, तर आपले जळगाव २०११ सालीच ४ लाख ६० हजारांचे होते. म्हणजे न्यूयॉर्क नाही, मुंबई नाही, आपल्याच गावाच्या मापाचे शहर. मी स्वतः घरमालक आहे. गच्चीवर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम चढवून भाडेकरू ठेवला आहे. तो आठ हजार देतो आणि वर्षाकाठी पाचशे वाढवा म्हटले तरी अर्धा तास हुज्जत घालतो. तिकडचे पगार जास्त, म्हणून भाडे जास्त, हे मला समजते. परंतु तिथले पगारदार लोकही भाड्याने मेटाकुटीला आले आहेत असेच वाचनात येते. मग मध्यम आकाराच्या शहरात भाडे इतके का असावे, आणि या दोन जागांपैकी कोणती घ्यावी, याबद्दल जाणत्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चोपडेकर

दादा, मी मिनियापोलिसच्या उपनगरात नऊ वर्षे नोकरी केली आणि वडिलांच्या आजारपणामुळे केळीच्या शेतीवर परत आलो. त्यामुळे आपला प्रश्न अगदी ओळखीचा वाटला.

आधी लोकसंख्येचे. तिथे महापालिकेची हद्द संपली तरी शहर संपत नाही. पलीकडच्या तीरावर सेंट पॉल आहे आणि दोघांभोवती उपनगरांची माळ आहे. हे सगळे धरले तर वस्ती सुमारे ३७ लाख होते. आपला अख्खा जळगाव जिल्हा २०११ मध्ये ४२ लाखांचा होता. चोपड्यापासून चाळीसगावपर्यंतची सगळी माणसे जळगावच्याच कचेऱ्यांत, दवाखान्यांत आणि महाविद्यालयांत रोज ये-जा करू लागली तर पिंप्राळ्याच्या खोलीला काय भाव येईल, हे मनाशी धरून पाहा. खानदेशातून तिकडे गेलेली मुले पहिल्या भेटीत ‘भाडं काय शे?’ एवढेच विचारतात आणि आकड्यांची तुलना करून एकमेकांना शहाणे किंवा भोळे ठरवतात. मीही पहिल्या वर्षी तेच केले आणि फसलो.

विचारायचे असते ते भाड्यात काय धरले आहे हे. जानेवारीत तिथे पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरणे हे नवल नाही. जुन्या विटांच्या इमारतींत तळघरातल्या बॉयलरचे गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरते आणि त्याचा खर्च बहुधा मालकच भाड्यात धरतो. सुट्ट्या लाकडी घरात गॅसचे बिल भाडेकरूंच्या नावावर येते. आमच्या घराच्या खिडक्या इतक्या जुन्या होत्या की डिसेंबरात काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी धरायची. आम्ही चौघांनी चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बसवला आणि केस वाळवायच्या यंत्राने तो तापवून घट्ट केला, तरीसुद्धा गॅसचे बिल पाहून पोटात गोळा आला. घर २० अंश सेल्सियसपर्यंत उबदार राहील अशी सोय १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात मालकाने द्यावी, असा मिनेसोटा राज्याचा कायदा आता झाला आहे. मात्र सोय देणे वेगळे आणि बिल भरणे वेगळे. तेव्हा त्या ९३० मध्ये उष्णता, पाणी आणि कचरा धरला आहे का, हे मुलीला लेखी विचारायला सांगा. धरला असेल तर ८५० चे घर स्वस्त नाही.

दुसरे असे की चौघींचा करार एकच असेल, तर कायद्याच्या नजरेत चौघी मिळून संपूर्ण भाड्याला जबाबदार असतात. एखादी मुलगी डिसेंबरात शिक्षण सोडून परत गेली, तर तिचे ८५० उरलेल्या तिघींच्या डोक्यावर बसतात. काही इमारती प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार करतात. तसा मिळाला तर थोडे जास्त भाडे देऊनही घ्यावा. १ जानेवारी २०२४ पासून तिथे आणखी एक चांगला नियम आला आहे. टाळता न येणारे सगळे आकार आणि एकूण रक्कम कराराच्या पहिल्याच पानावर दाखवावी लागते. ते पान मागवून घ्या. जाहिरातीतला आकडा आणि पहिल्या पानावरचा आकडा यांत फरक दिसला तर घाई करू नका.

अंतराची काळजी करू नये. ग्रीन लाइन नावाची रेल्वे २०१४ पासून दोन्ही शहरांच्या मध्यभागांना जोडते आणि तिची तीन स्थानके विद्यापीठाच्या आवारातच आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना शुल्कातच प्रवासाचा पास मिळतो. स्थानकापासून पायी पाच मिनिटांवरची लांबची जागा ही बर्फातून वीस मिनिटे चालत जायच्या जवळच्या जागेपेक्षा बरी.

भुसावळकर

मला यात एवढे गूढ काही दिसत नाही. हजारो घरे मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली आहेत आणि भाडे किती मागायचे हे संगणक ठरवतो. ‘रिअलपेज’ या कंपनीच्या संगणकप्रणालीमुळे घरमालक एकमेकांची गोपनीय माहिती वापरून भाडी चढती ठेवतात, असा आरोप करून अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्यावर खटला भरला होता. आपल्याकडे निदान भाडे नियंत्रण कायदा तरी आहे. तिकडच्या सरकारने भाड्याला सरळ मर्यादा घातली की प्रश्न मिटला.

देवपूरकर (धुळे)

भुसावळकर भाऊ, तुम्ही सांगितलेला खटला खरा आहे आणि लोभ तर सर्वत्र असतोच, परंतु लोभी घरमालक जळगावातही आहेत (पिंप्राळेकरांनी राग मानू नये) आणि तरीही त्यांच्या गच्चीवरच्या खोल्यांना आठ हजारच मिळतात. का मिळतात, हे पाहिले पाहिजे. मी नगररचना विभागात नोकरीची एकतीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर २०१८ च्या उन्हाळ्यात मुलाकडे मिनियापोलिसला चार महिने राहिलो. दुसरा उद्योग नसल्यामुळे रोज सकाळी फिरायला निघून घरे मोजत असे.

रस्त्यामागून रस्ता तेच चित्र दिसे: एका प्लॉटवर एकच घर, पुढे हिरवळ, मागच्या गल्लीला लागून मोटारीची खोली. काडीपेटी घ्यायची म्हटली तरी मोटार काढावी लागे. रस्त्याच्या कडेला पाणी, गटार, वीज सर्व तयार असताना त्याच जमिनीवर दुसरे कुटुंब राहू शकत नव्हते, कारण तसा नियमच होता. त्या शहरातील निवासी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन एका प्लॉटवर एकच घर या अटीखाली होती. पिंप्राळेकर, आपण गच्चीवर ज्या खोल्या चढवल्या, तसा स्वतंत्र स्वयंपाकघराचा बिऱ्हाडाचा भाग काढणे तिथल्या बहुतेक वस्त्यांत २०१४ पर्यंत नियमबाह्य ठरले असते. आपल्याकडे माणूस आधी चढवतो आणि मग नियमात बसवायला आमच्याकडे खेटे घालतो. त्यातून गटारी तुंबतात, अग्निशमनाची गाडी गल्लीत शिरत नाही, आणि मी नोकरीत असताना अशा बांधकामांना नोटिसाही भरपूर दिल्या. पण शहरात दरवर्षी हजारो खोल्यांची भर पडत राहते आणि शिकायला आलेल्या मुलाला खोली मिळते, हेही तितकेच खरे आहे.

अमेरिकेत या नियमांना न्यायालयाचा आधार १९२६ साली मिळाला. ओहायो राज्यातील युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमीनवापराचे विभाग पाडणे वैध ठरवले आणि त्या निकालात, घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगुळाची उपमा दिली. शंभर वर्षांत ती दृष्टी देशभर रुजली. मध्यम आकाराच्या शहरांतील भाडे समजून घ्यायचे तर मला हे बांडगूळ संगणकप्रणालीहून अधिक महत्त्वाचे वाटते, कारण रिकाम्या खोल्या मुबलक असतील तर संगणकालाही भाडे वाढवता येत नाही.

मी तिथे होतो त्याच उन्हाळ्यात ही चौकट बदलण्यावरून वाद पेटला होता. घरांपुढच्या हिरवळीवर ‘आमच्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवू नका’ अशा अर्थाच्या लाल पाट्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्या मुलाच्या शेजारच्या सत्तरीच्या बाईंच्या अंगणातही एक होती आणि त्या मला पाटीचे कारण सांगताना आपल्या सोसायटीच्या सचिवाइतक्याच तावातावाने बोलत. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये महापालिकेने ‘मिनियापोलिस २०४०’ हा आराखडा मंजूर केला आणि निवासी प्लॉटवर तीन कुटुंबांपर्यंतची घरे बांधायला मुभा दिली. पुढे २०२१ मध्ये, नव्या इमारतीने अमुक इतक्या मोटारींची जागा दिलीच पाहिजे ही सक्तीही शहरभर काढून टाकली. आराखडा पुढे पर्यावरणाच्या मुद्द्यावर न्यायालयात काही काळ अडकला होता. गाजावाजा तीन कुटुंबांच्या घरांचा झाला, प्रत्यक्षात तशी घरे फारच थोडी उभी राहिली. खरी भर पडली ती बस आणि रेल्वेच्या मार्गांवरच्या मोठ्या इमारतींमुळे. ‘प्यू’ या संस्थेच्या अभ्यासानुसार २०१७ ते २०२२ या काळात शहरातील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडे केवळ १ टक्क्याने. त्याच काळात राज्याच्या उर्वरित भागात घरे ४ टक्क्यांनी वाढली आणि भाडे १४ टक्क्यांनी. आपल्याला ८५० डॉलर महाग वाटतात, पण ते अमेरिकेतील त्यातल्या त्यात सावरलेल्या शहराचे भाडे आहे.

आता सरळ मर्यादा घालण्याविषयी. नदीपलीकडच्या सेंट पॉलने तेच केले. नोव्हेंबर २०२१ च्या मतदानात तिथल्या नागरिकांनी वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक भाडेवाढ करायची नाही असे ठरवले आणि ती मर्यादा नव्या इमारतींनाही लावली. पुढच्या काही महिन्यांतच बांधकामाच्या परवान्यांची मागणी कोसळली. मग २०२२ मध्ये नव्या इमारतींना वीस वर्षांची सूट द्यावी लागली आणि २०२५ मध्ये २००४ नंतरच्या सर्व इमारती कायमच्या वगळाव्या लागल्या. आपल्याला हे नवे नाही. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य करेपर्यंत धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतील कित्येक वाडे मालकांनी कौलसुद्धा न बदलता सोडून दिले. आत राहणाऱ्याला संरक्षण मिळाले, बाहेर उभ्या असलेल्याला खोली मिळाली नाही. मर्यादा अजिबात नसावी असे माझे मत नाही, मात्र तिने नव्या बांधकामाचा गळा आवळला जाऊ नये.

तिथले पगारदार मेटाकुटीला का आले, याचे आणखी एक कारण व्याजदर आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. स्वस्त कर्जाचे घर कोणी विकेना आणि महाग कर्जाने कोणी घेईना, त्यामुळे जी जोडपी एरवी स्वतःच्या घरात गेली असती ती भाड्याच्या घरातच राहिली. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर गेली तर कुटुंब भाराखाली आहे असे तिथे मानतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या गृहनिर्माण केंद्राच्या हिशेबाने २०२२ मध्ये अशी भाडेकरू कुटुंबे २ कोटी २४ लाख होती, म्हणजे एकूण भाडेकरूंपैकी निम्मी.

शिरपूरची आई

देवपूरकर काकांनी फार अभ्यासपूर्ण लिहिले आहे. मी फक्त अनामत रकमेविषयी सांगते, कारण त्यात आमचे हात पोळले आहेत. शब्दशः पोळले.

माझा मुलगा त्याच राज्यात शिकत होता. तिथे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच असते आणि अर्ध्या भागात गालिचा जमिनीला चिकटवलेला असतो. मिरचीची फोडणी टाकली की छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागायचा. एकदा हा भोंगा बंद करायला धावला आणि हातातला तापलेला तवा गालिच्यावर टेकवला. ताटलीएवढे गोल काळे वर्तुळ उमटले. घर सोडताना मालकाने त्या खोलीच्या संपूर्ण गालिच्याचे पैसे कापले आणि सोबत भिंतीवरच्या ओरखड्यांचेही, जे आधीच्या भाडेकरूचे होते. तव्याची चूक आमची, ती मान्य. ओरखड्यांचे पैसे मात्र फुकट गेले, कारण पहिल्या दिवशीचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता.

नंतर कळलेले नियम लिहिते. घर सोडल्यावर आणि नवा पत्ता कळवल्यावर तीन आठवड्यांच्या आत अनामत रक्कम एक टक्का साध्या व्याजासह परत करावी लागते, किंवा कशासाठी किती कापले ते लेखी द्यावे लागते. नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. राहायला जाताना आणि सोडताना मालकासोबत घराची पाहणी करून मागण्याचा हक्क भाडेकरूला आहे. मिनियापोलिस शहरात अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, तेव्हा कोणी तीन महिन्यांचे मागितले तर तिथेच थांबा. आणि चावी हातात यायच्या आधी, घर प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकडून पाहिल्याशिवाय, कोणाच्याही खात्यावर पैसे पाठवू नका. जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच घराचे निघाल्याची उदाहरणे मुलाच्या वर्गात दोन होती.

भाडेकरूचा विमाही घ्यायला सांगा. महिन्याला पंधरा-वीस डॉलर पडतात आणि बऱ्याच इमारती तो सक्तीचा करतात.

पिंप्राळेकर (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवपूरकर साहेब, राग मानण्याचे कारण नाही. माझ्या गच्चीवरच्या खोल्यांची नोटीस मला आपल्या खात्यानेच दिली होती.

चोपडेकर भाऊंच्या सांगण्यावरून मुलीने दोन्ही ठिकाणी कराराचे पहिले पान मागवले. विटांच्या इमारतीच्या ९३० मध्ये उष्णता, पाणी आणि कचरा आहे, फक्त विजेचे बिल वेगळे येईल. लाकडी घराच्या ८५० मध्ये काहीच नाही, शिवाय बर्फ उपसण्याची जबाबदारीही मुलींवर आहे आणि चौघींचा करार एकत्र आहे. हिवाळ्यातील गॅसबिलाविषयी तिने विचारले तेव्हा ‘वापरावर अवलंबून’ एवढेच उत्तर आले. आम्ही ९३० ची जागा घेतो आहोत. विद्यापीठात आधीपासून असलेली अमळनेरची एक मुलगी शनिवारी जाऊन घर पाहून आली. तिने चालू फोनवरून आम्हाला प्रत्येक खोली दाखवली, नळ सोडून दाखवला आणि रेडिएटरवरचा गंज दाखवला. तो गंज मी पाहणीच्या यादीत लिहून घ्यायला सांगितला आहे.

शिरपूरच्या ताईंचा तीन आठवड्यांचा नियम वाचल्यावर मी माझ्या भाडेकरूचा अकरा महिन्यांचा करार काढून पाहिला. अनामत पंचवीस हजार लिहिली आहे, परत कधी द्यायची ते कुठेच लिहिलेले नाही. करार नोंदवताना आम्ही दोघांनीही ते विचारले नव्हते. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे, तेव्हा एकवीस दिवस असे घालणार आहे. व्याजाचे अजून ठरवलेले नाही.

एक शंका उरली आहे. मुलगी २० ऑगस्टला पोहोचते आणि करार १ सप्टेंबरपासून सुरू होतो. मधले बारा दिवस कुठे काढायचे?

चोपडेकर

दादा, ही अडचण तिथे दरवर्षी सगळ्यांनाच येते, कारण विद्यापीठाभोवतीचे बरेचसे करार ऑगस्टअखेरीस संपतात आणि १ सप्टेंबरला सुरू होतात. आधी मालकालाच विचारा. घर रिकामे असेल तर दिवसाच्या हिशेबाने पैसे घेऊन लवकर चावी देतात. न जमल्यास तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटावर लिहायला सांगा. नव्या मुलांना आठ-पंधरा दिवस ठेवून घेण्याची रीत आहे. आम्हीही एकदा बैठकीच्या खोलीत पाच जण झोपवले होते. सामानात गादी देऊ नका, ती तिकडे मिळते. पोळपाट-लाटणे मात्र द्या.